दोन मुठी कोरगूट

शंभर दाण्यांपैकी अकरा उगवले.

हा प्रयोग मी दर वर्षी अकरावीच्या मुलांकडून करून घेते. ओल्या फडक्यावर दहा ओळी, एका ओळीत दहा दाणे, वर दुसरं ओलं फडकं, आणि चार दिवस सावलीत. मुलं चवळी नाहीतर मूग आणतात, त्यामुळे आकडे नेहमी नव्वदच्या वर असतात आणि सगळे खूश होतात. १९९५च्या मे महिन्यात मी तोच प्रयोग फोंड्याच्या माझ्या बिऱ्हाडात, स्वयंपाकघराच्या ओट्यावर, एकटीने केला. दाणे आईच्या मुडीतले होते. पाचव्या दिवशी अकरा दाण्यांना पांढरी टोकं दिसली. मी आठव्या दिवसापर्यंत थांबले. अकराच.

मुडी म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, पेंढ्याच्याच दोरीने आवळून बांधलेला गोळा. आत पुढच्या वर्षाचं बी असतं. पेडण्यातल्या आमच्या घरी ती चुलीच्या वर टांगलेली असे. रोजच्या धुराने बियाला कीड लागत नाही, पावसाळ्यातली ओल लागत नाही.

आई गेली ती आदल्या वर्षीच्या फेब्रुवारीत, पणजीच्या हॉस्पिटलात. जायच्या तीन दिवस आधी तिने मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "मुडी चुलीवयर आसा. औंदा बी मातयेक लागाक होया." मी म्हटलं, "हो, लावू." माझं लक्ष सलाईनच्या बाटलीकडे होतं. ती म्हणाली, "'लावू' म्हणां नको. लाव." मी पुन्हा हो म्हटलं.

त्या जूनमध्ये मी गावी गेले नाही. कॉलेजात प्रवेश चालू होते, हे खरं. पण खरं कारण ते नव्हतं. कुलूप काढून आत गेले की आई घरात नाही हे दिसणार होतं, आणि बंद दाराच्या बाहेर, फोंड्यात, ते अजून पुरतं ठरलं नव्हतं. घर उघडायला मला चौदा महिने लागले. तोवर चूल थंड होती. एक अख्खा पावसाळा मुडी बिनधुराची टांगून राहिली होती. उंदरांनी ती खालून कुरतडली होती. चुलीवर, जमिनीवर, वैलावर टरफलं पडली होती. आत हात घालून मी काढलं ते सगळं मिळून दोन मुठी भरलं.

कोरगूट हे खाजनातलं, म्हणजे खाडीकाठच्या खारट शेतातलं भात. आमचा गाव शापोरा नदीला लागून आहे. भरतीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध, आणि बांधात मानस, म्हणजे लाकडी दारांची पाणवाट. तरी मिठाचा अंश जमिनीत राहतोच. उन्हाळ्यात तिथली माती जिभेला लावली तर खारट लागते. पावसाने मीठ धुवून निघालं की पेरायचं, आणि मध्येच पावसाने ओढ दिली तर मीठ परत वर येतं. अशा जागी दुसरं भात पिवळं पडून मरतं. कोरगूट उभं राहतं. पीक मात्र निम्मं येतं. म्हणून पुढे बांध पक्का झाला, जया नावाचं सरकारी बियाणं आलं, तसा एकेकाने कोरगूट सोडलं. आई तेवढी दर वर्षी एका कोपऱ्यात पेरत राहिली. त्याची लाल पेज आम्ही लहानपणापासून प्यायलो. तिचा वास मला आजही नीट सांगता येत नाही. मातीच्या भांड्यात पाणी निवायला ठेवलं की येतो, तसा काहीसा. गेली दोन वर्षं तो मला अचानक कुठेही आठवायचा: बँकेच्या रांगेत, पेपर तपासताना.

आईला मी काय शिकवते याची उत्सुकता असे. एका सुट्टीत मी ओटीवर बसून वर्गीकरणाचा धडा तयार करत होते. सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. ती आमसुलं वाळत घालत होती.

"भात खय बसता ह्येच्यात?" तिने विचारलं.

मी तिला वरून खाली सगळ्या पायऱ्या सांगितल्या. गवताचं कुल, मग प्रजाती, मग जाती.

"मगे?"

"मग काय? झालं. संपलं."

"म्हणजे जया नि कोरगूट एकच?"

"जात एकच."

आईने हातातलं आमसूल तसंच धरून कुंपणापलीकडे हाक मारली. "गो सुलोचना! आयकलंस मां? आमच्या चेडवाक इतक्या शिकयला, नि ता म्हणता जया नि कोरगूट एकच!"

सुलोचनाकाकी, बाबलीकाकांची बायको, कुंपणापाशी येऊन कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मगे तुझ्या चेडवाक एक दीस जयाची पेज घाल नि एक दीस कोरगुटाची. पेपर तपासल्यासारखा तपासून मार्क देवंदे."

दोघी हसल्या. मग आईने बोटांवर नावं मोजली: कोरगूट, असगो, खोचरो, दामगो. कुठलं किती खारात तगतं, कुठलं आडवं पडतं, कुठल्याला डुक्कर तोंड लावत नाही. माझं वर्गीकरण जिथे संपत होतं तिथून तिचं सुरू होत होतं. तेव्हा मला ती गंमत वाटली. मी वहीत काही लिहून घेतलं नाही.

गावात कोरगूट आणखी कोणाकडे आहे का, ते मी आधी बाबलीकाकांनाच विचारलं. आमचं आणि त्यांचं खाजन एका बांधावर. नांगरणीपासून झोडणीपर्यंत आई आणि ते एकमेकांच्या अंगावर ओरडत काम करायचे.

"कोणाकडे नाय," ते म्हणाले. "माझ्याकडे पण नाय. तुझी आवय ठेवता म्हणान आमी निवांत. लागला तर आनंदीकडसून घेवया, असा." त्यांनी माझ्या हातातली पुरचुंडी उघडून एक दाणा दाताखाली फोडला. "एक पावस वायट गेलो बियाचो. पेरतलंस?"

"शंभरात अकरा उगवतात."

"मोजलंस?"

"मोजले."

"तर मगे अकरा आसत," ते म्हणाले. "शून्य नाय."

पेरणीला मी चार दिवस रजा काढून गेले. सगळं बी फडक्यात भिजवलं आणि मोड आलेले तेवढे निवडले. तीनशेच्या आसपास निघाले. बाबलीकाकांनी त्यांच्या शेताच्या कडेला, बांधाला लागून, तीन चटया पसरता येतील एवढी जागा दिली. आमच्या शेतात दोन वर्षं नांगर लागला नव्हता. मी चिखलात एकेक मोड ठेवला.

आठवड्याने मोठा पाऊस झाला आणि सगळ्या शेतांतून एक वीत पाणी वाहिलं. काकांच्या शेतातली जयाची रोपं उपटून माझ्या तुकड्यात येऊन रुजली, हे मला पुढे कळलं. काही माझी वाहून गेली, काही कुर्ल्यांनी, शेतातल्या खेकड्यांनी, कातरली. काकांनी फोंड्याला चिठ्ठीने निरोप धाडला: "अर्धी वाचली. मिसळ झाला. फुलाक आला काय मी येवन वेगळा करतंय. तू हात लावू नको."

हात लावू नको. हे मी वाचलं होतं.

गणपतीची चवथ होऊन पंधरा दिवस झाले होते. रविवारी सकाळी मी धारगळला उतरून दुसरी बस पकडली आणि नऊ वाजता बांधावर होते. काका घरी नव्हते. त्यांचा मुलगा गुरुदास तुयेच्या कारखान्यात कामाला. त्याचं बोट यंत्रात सापडून फाटलं होतं आणि काका त्याला घेऊन म्हापशाला टाके घालायला गेले होते. सुलोचनाकाकी म्हणाली, "दुपारपर्यंत येतले. बस, च्या घे." मी चहा घेतला आणि शेतावर गेले.

भात निसवलं होतं. कणसं हिरवी, दाण्यात दूध भरत होतं. तुकड्यात दोन प्रकार सरळ दिसत होते. एक बुटकं, ताठ, कणीस घट्ट, दाणा गुळगुळीत. दुसरं माझ्या छातीएवढं उंच, फाकलेलं, आणि दर दाण्याला लांब तांबूस कुसळ.

मला क्षणभरही शंका आली नाही. काकांच्या निरोपातली 'मिसळ' मी रानटी भाताची समजले. रानटी भाताची लक्षणं मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले आहे: उंची जास्त, खोड पसरट, कणीस सैल, दाण्याला कुसळ. माणसाने निवडून निवडून जे सुधारलं त्याची लक्षणं याच्या बरोबर उलट. मुडीतले दाणे मी पाहिले होते. त्यांना कुसळं नव्हती. झोडताना आणि पायांनी मळताना ती मोडून जातात, हे मला माहीत नव्हतं. आईने मला कधी चिखलात उतरू दिलं नाही. पाचवीपासून म्हापशाला, मावशीकडे शाळेला. सप्टेंबरमध्ये मी कधीच गावी नसायचे. एकदाच, कसलीशी सुट्टी लागून आले होते तेव्हा, बांधावर उभी राहून मी तिला पाहिलं होतं. ती ओळींतून वाकून चालली होती, मधूनच एखादं रोप मुळासकट उपटत होती, मुळांची माती मांडीवर आपटून झाडत होती आणि ते न बघता मागे बांधावर फेकत होती. मला तिचं न बघता फेकणं फार आवडलं होतं.

मी साडी खोचली आणि उतरले.

पहिली दहा-बारा रोपं जड गेली. मग हाताला सवय झाली. बुंध्याशी धरायचं, जरा पिळायचं, ओढायचं. चिखल पिचकन सोडून देतो. मुळं मांडीवर आपटायची. फेकायचं. थोड्या वेळाने मीही न बघता फेकू लागले. कंबर भरून आली, आणि ती नेमकी कुठे भरून येते हे कळल्यावर मला एकदम आठवलं की आई तिथेच हात ठेवून उभी राहायची. मीही तिथे हात ठेवून उभी राहिले. वाऱ्यावर कणसं हलत होती. मानशीकडून पाण्याचा आवाज येत होता. चौदा अधिक पाच, एकोणीस महिन्यांत मला पहिल्यांदा असं वाटलं की ती कुठे फार लांब गेलेली नाही. मी वाकले की ती वाकते. हे लिहिताना लाज वाटते, पण त्या दोन तासांइतकी सुखी मी त्याआधी आणि त्यानंतर फार कमी वेळा झाले आहे.

"अगो!"

बाबलीकाका बांधावरून धावत येत होते. अडुसष्ट वर्षांचा माणूस, इस्त्रीची पँट घातलेला, म्हापशाहून तसाच आलेला.

"थांब! थांब मेल्ये! काय करतंस ता?"

मी हातातलं रोप वर धरून दाखवलं. "रानटी भात काढते, काका. बघा, कुसळं आहेत."

ते थांबले. बांधावर पडलेल्या ढिगाकडे त्यांनी पाहिलं. मग पँट न दुमडता चिखलात उतरले, माझ्या हातातलं रोप घेतलं आणि कणसावरून बोट फिरवलं, मांजराच्या पाठीवरून फिरवावं तसं.

"बाय," ते म्हणाले, "ह्योच कोरगूट."

मी त्या कुसळांकडे पाहिलं.

"कुसळा आसत म्हणान डुकर खायना. तोंडाक टोचता. ह्यां जें तू ठेवलंस मगे," त्यांनी त्या बुटक्या, ताठ, गुळगुळीत रोपांकडे हात केला, "ती माझी जया."

मी चिखलातच बसले. पाणी कमरेपर्यंत आलं. मी रडले नाही. रडायला जे काही लागतं तेही त्या वेळी माझ्याजवळ नव्हतं. आईने एवढ्या वर्षांत जे जपलं, उंदरांनी, पावसाने आणि कुर्ल्यांनी जे ठेवलं, ते मी दोन तासांत उपटलं होतं. तिच्यासारखी वाकून. तिच्यासारखी फेकून.

"किती उरली?" मी विचारलं.

काकांनी नजर फिरवली. मी बांधाच्या बाजूने सुरुवात केली होती. नदीकडचा तिसरा भाग अजून उभा होता. "तीस-चाळीस," ते म्हणाले. "ऊठ. बसान काय उपेग? उपटलला परत खुपसूया."

"जगतील?"

"माका काय ठावक! मी काय प्रोफेसर?"

तेवढ्यात सुलोचनाकाकी आली. तिने ढीग पाहिला, मला पाहिलं, नवऱ्याची पँट पाहिली. "पँट खयची ती? गुरुदासाच्या लग्नातली मां ही? आता हीच नेसान तेच्या पोराच्या बारश्याक जा," ती म्हणाली, आणि लुगडं वर खोचून तीही उतरली. मला काही न विचारता तिने ढिगातली एक जुडी उचलली.

आम्ही तिघांनी ती रोपं परत लावली. दुधात आलेलं भात असं लावत नाहीत, हे त्या दोघांना पक्कं माहीत होतं. तरी लावली. काका प्रत्येक बुंध्याभोवती चिखल मुठीने दाबत होते आणि बडबडत होते. ते माझ्याशी बोलत नव्हते. "आनंदी, बग गो," असं म्हणत होते. "बग तुझ्या चेडवाचा काम. माका दोष देव नको. मी निरोप धाडललंय." मग थोड्या वेळाने, आवाज खाली आणून, "पण वाकता बरा. तुझ्यासारख्याच वाकता."

मी ते ऐकलं नसल्यासारखं केलं.

परत लावलेल्यांपैकी बहुतेक चौथ्या दिवशी पांढरी पडली. बारा जगली, पण दाणे अर्धे पोचट. नदीकडची अडतीस मात्र नीट पिकली. ऑक्टोबरच्या सुट्टीत मी गेले तेव्हा कणसं वाकली होती आणि कुसळांचा तांबूस रंग जाऊन ती गवताच्या रंगाची झाली होती. काकांनी कोयता माझ्या हातात दिला नाही. ते म्हणाले, "आधी सांग. खयचा बियाक, खयचा नाय?"

मी एकेका कणसासमोर उभी राहिले. हे भरलेलं. हे भरलेलं, पण कुसळ आखूड, नको. याचा दाणा गळतोय, हात लावताच पडतोय, हे खरंच रानटीकडे झुकलेलं, नको. काका दोनदा 'हूं' म्हणाले आणि एकदा नाही म्हणाले. त्या एका कणसाचं काय चुकलं ते मी विचारलं. ते कणीस बोटांत फिरवत ते म्हणाले, "ता सांगूक येयना. आनंदी पण सांगी नाय." मी पुष्कळ पाहिलं. मला त्यात अजूनही काही दिसलं नाही.

मळून, पाखडून, सुकवून सगळं मिळून एक नारळाची करवंटी शिगोशीग भरली. सुलोचनाकाकीने त्यात बोटं घातली आणि माझ्याकडे पाहिलं. ती आईला चाळीस वर्षं ओळखत होती. मला काय हवं होतं तेही ओळखत होती.

"मूठभर सडून दितंय," ती म्हणाली. "एका वाडग्याची पेज होतली. एक घोट पी. कोणाक समजणा नाय."

तो वास माझ्या नाकाशी आला, अजून शिजलेला नसताना. मी करवंटी तिच्या हातून घेतली. नंतर ती काकांकडे दिली.

"पुढच्या वर्षी किती होईल?" मी विचारलं.

"बरा गेला तर पायलीभर."

"आणि त्याच्या पुढच्या वर्षी?"

"मगे पी पेज," काका म्हणाले. "पण तू येवक होया. मी एकटो नाय करूचंय. माझ्यान आता जास्ती दीस वाकवना नाय, नि गुरुदासाक कारखान्याशिवाय काय दिसना नाय. मे म्हयन्यात माती फोडूक ये. नि पेरणीक ये. नि फुलाक आला काय ये, पण मी घरात असताना ये."

"तेव्हा तुम्हाला विचारल्याशिवाय हात लावणार नाही."

"लावशीत," ते म्हणाले. "लावल्याशिवाय समजणा नाय. पण एकाक लाव नि हाक मार."

कॉलेज उघडल्यावर पहिल्याच दिवशी मी पुढच्या जूनच्या आठ दिवसांच्या रजेचा अर्ज लिहिला. एवढ्या आधी कोणी देत नाही. छापील कागदावर कारणासाठी एक ओळ होती. 'शेती' लिहिलं असतं तर खोटं झालं नसतं, पण करवंटीभर बियाण्याला शेती म्हणायचं धाडस झालं नाही. शेवटी मी लिहिलं: आईचं काम आहे.

ऑफिसातल्या कारकुनाने अर्ज घेतला आणि वाचला. आई गेली तेव्हा सांत्वनाला सगळ्यांच्या आधी आलेला तोच. तो माझ्याकडे बघून काहीतरी विचारणार होता. मी तिथेच उभी राहिले, त्याने विचारलंच तर सांगावं म्हणून.